कादु मास्तरांचं पाणी

ग्लास फरशीवर पडला तेव्हा मला आधी राग आला तो पाण्याचा. पाच दिवसांनी नळ आलेला, तोही पाऊण तास, आणि त्यातलं गाळून ठेवलेलं पिण्याचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाटेखाली पळत चाललं होतं. ग्लास स्टीलचा, फुटण्याचा प्रश्न नव्हता. गोल गोल फिरत जाऊन भिंतीला टेकला. यांनी तो डाव्या हातानं उडवला होता. उजवा हात सव्वा वर्षापासून मांडीवर नुसता ठेवलेला असतो, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. उडवून वर माझ्याकडं डोळे वटारून म्हणाले, "नीळ्ळु कादु." आम्ही पद्मशाली, सोलापुरात चार पिढ्या झाल्या तरी घरात तेलुगू. नीळ्ळु म्हणजे पाणी. पक्षाघाताचा झटका आला त्या दिवशी यांची मराठी सगळीच्या सगळी गेली आणि तेलुगूतलेही पाच-सहा शब्द तेवढे तोंडात उरले, त्यातला हा एक. आपणच नीळ्ळु नीळ्ळु करायचं, धावत नेऊन दिलं की तोंड फिरवायचं, आणि आज तर उडवूनच दिलं. महिनाभर हा खेळ चालला होता. यांना आंघोळ घालायला सकाळी महादेवी येते, अक्कलकोटकडची, तिला कानडी येतं म्हणून नीळ्ळु तिलाही कळतं, त्यांच्यात नीरु. ती म्हणाली, तहान लई लागती की त्यास्नी, पण घोट काय उतरंना झालाय. मी म्हटलं, तहान नाही, हट्ट आहे. चाळीस वर्षं हट्टच केला, आता कशाला सोडतायत. आणि फडकं घेऊन खाली बसले.

खरं सांगायचं तर राग पाण्याचा नव्हताच. तासाभरापूर्वी अंबादासचा फोन येऊन गेला होता. अंबादास आमचा एकुलता एक, पुण्याला असतो. येत्या रविवारी तो गाडी घेऊन येणार आणि नायनाला, म्हणजे यांना, घेऊन जाणार. तिकडं अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, नर्स आहेत, व्यायाम करून घेतात, वेळच्या वेळी कूस बदलतात. पोरगं वाईट नाही. मी बासष्टची झाले, यांना उचलून उचलून माझी कंबर गेली, हेही त्याचं खोटं नाही. पण त्यानं संस्थेचा फॉर्म भरून त्याचा फोटो माझ्या फोनवर पाठवला होता, मी वाचून सही करावी म्हणून, आणि मी मेलीनं तो वाचला. रुग्ण स्वतःची गरज सांगू शकतो का? नाही. रुग्णास सभोवतालचे आकलन आहे का? नाही. ज्याला यांनी पाटीवर बोट धरून अक्षरं शिकवली त्याच्याच वळणदार अक्षरातले ते दोन नाही. मी उलट फोन करून विचारलं, हे काय लिहिलंस. तो हळू आवाजात, समजूत घातल्यासारखा बोलला, की अम्मा, नायना आता आत नाहीत गं, शरीर तेवढं आहे, तू मान्य कर. मी म्हटलं, आत आहेत. तो म्हणाला, कशावरून? मी फोन ठेवून दिला. पण ठेवता ठेवता मनाशी ठरवून टाकलं होतं. रविवारच्या आत त्या दोनांतलं निदान एक नाही मी खोडणार. मग त्यानं न्यायचं तर न्यावं.

तर मी फरशी पुसत होते. पुसत पुसत यांच्या खुर्चीच्या पायाशी गेले, कंबरेत कळ आली म्हणून यांच्या गुडघ्याचा आधार घेऊन तिथंच टेकले आणि मान वर केली. या उंचीवरून मी खोली कधी बघितलीच नव्हती. खुर्चीतून समोर खिडकी दिसत नाही, टीव्ही दिसत नाही. दिसतं ते फक्त माझं स्टूल आणि स्टुलावर उभी केलेली लाकडी चौकट, जिच्यावर मी मॅटीचं कापड ताणून महिनाभर भरतकाम करत होते. मॅटी म्हणजे बारीक चौकोनी भोकांचं जाड कापड. भोकं मोजायची आणि बोथट सुईनं एकेक टाका घालत जायचा. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. यांच्या ओळखीची वस्तू म्हणजे ग्राफचा कागद. हे चादरीच्या कारखान्यात डिझाइन मास्तर होते. चौकटीच्या कागदावर मोर, हरणं, वेली काढायच्या, एक चौकट म्हणजे एक धागा; त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे जकार्ड मागावर चढवले की चादरीत मोर उतरायचा. कॉम्प्युटर आला तेव्हा यांना घरी बसवलं. त्या वर्षात यांनी एक शेवटचा ग्राफ काढला होता, कुणी न मागितलेला. मी ट्रंकेतून तो बाहेर काढला आणि चौकटीला चौकट मोजत मॅटीवर उतरवायला घेतला, त्यातल्या पाण्यासकट. महिनाभर त्या लाकडी चौकटीच्या आणि यांच्या मधोमध मी ग्लास घेऊन उभी राहत होते.

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. कादु म्हणजे नव्हे. नको असेल तर आम्ही वद्दु म्हणतो. तान्ही पोरं पण वद्दु म्हणतात. यांनी महिनाभरात एकदाही नीळ्ळु वद्दु म्हटलेलं नव्हतं. माझ्या कानाला ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की शब्दांची अदलाबदल होणार, मीठ हवं असेल तर साखर म्हणतील, मनाला लावून घेऊ नका. मी मनाला लावून घेतलं नाही, हीच चूक झाली. पाणी नको असं नव्हते म्हणत हे. हे पाणी नव्हे, असं म्हणत होते. कारखान्यात यांचं नावच कादु मास्तर होतं. मागावरून नमुन्याचा पहिला तुकडा उतरला की विणकर तो घेऊन यायचा, हे चष्मा कपाळावर सारून बघायचे आणि म्हणायचे, कादु. काय चुकलं ते सांगायचं नाही, कसं करायचं ते सांगायचं नाही. माणूस जायचा, उलगडायचा, परत आणायचा. मराठी कामगारांना वाटायचं यांचं नाव कडू मास्तर, आणि त्यातही फार चूक नव्हती. शाबासकी तर जन्मात नाही. नमुना जमला तर हे नुसतं त्या वस्तूचं नाव घ्यायचे. मोर असेल तर म्हणायचे, मोर. झालं, तो तुकडा पास. अंबादास लहानपणी गाय काढून आणायचा, दाखवायचा, आणि कादु ऐकून माझ्या पदरात तोंड लपवून रडायचा. मला तेव्हा या माणसाचा इतका संताप यायचा. आता मात्र फरशीवर बसल्या बसल्या मी ते पडताळून बघायचं ठरवलं. मी उठले, चौकटीवर टॉवेल टाकला आणि यांच्याकडं बघत उभी राहिले. यांनी काही म्हटलं नाही. टॉवेल काढला. डोळे चौकटीवर गेले, खाली जिथं मी पाणी भरलं होतं तिथं थांबले. "कादु." पुन्हा झाकलं, गप्प. पुन्हा उघडलं, कादु. महादेवी बादली हातात घेऊन दारात उभी होती, तिला वाटलं बाईंच्याच डोक्यावर परिणाम झाला. मी हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते. सव्वा वर्ष ज्याला सगळे गेला म्हणत होते तो माणूस खुर्चीत बसून रोज माझ्या कामात खोट काढत होता.

अंबादासला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, योगायोग असेल अम्मा, तुला ऐकायचंय तेच तू ऐकतेयस. बरं, म्हटलं. पण फोन ठेवल्यावर चौकट मांडीवर घेऊन मी पहिल्यांदाच त्या पाण्याकडं यांच्या नजरेनं बघितलं. आठ निळे होते त्यात. आकाशी, मोरपंखी, नीळ घातल्यासारखा, शाईसारखा, खाली गडद वर फिका असे पायऱ्या पाडत नेलेले, आणि सगळे फुलीच्या टाक्यात, घट्ट, एकसारखे, एक भोक रिकामं नाही. मला त्याचा अभिमान होता. पाणी म्हटल्यावर माझा हात निळ्याकडंच का गेला, हे मला कुणी विचारलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण मला ठाऊक आहे का गेला. मराठी शाळेत पहिलीला होते, मराठी नुकती कानावर पडायला लागलेली. बाई म्हणाल्या, उद्या चित्राला सगळ्यांनी निळं आणायचं. मी ऐकलं, नीळ्ळु आणायचं. दुसऱ्या दिवशी घरातनं पेलाभर पाणी घेतलं, वर हाताचा तळवा झाकला आणि गल्लीतनं, सायकलींतनं, एकेक पाऊल टाकत शाळेत गेले. निम्मं सांडलं. बाकीच्या पोरींनी निळे खडू काढले, मी पेला पुढं केला. बाईंना वाटलं थट्टा करते. तळव्यावर पट्टी बसली, वर्ग हसला. मग एका पोरीनं सांगितलं की हिच्यात पाण्याला नीळ्ळु म्हणतात, तेव्हा बाई विरघळल्या, मला स्वतःचा खडू दिला आणि पाटीवर नदी काढून घेतली. हे बघ, पाणी निळंच असतं, आता विसरू नकोस, म्हणाल्या. नाही विसरले. ते पेल्यातलं पाणी कुठं ओतावं कळेना, तर मधल्या सुट्टीत भिंतीकडं तोंड करून मीच पिऊन टाकलं. तेव्हापासून आजवर पाण्याच्या रंगाबाबत मी चुकले नाही, आणि त्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, कात्री घेऊन ते वीतभर निळं पाणी टाका टाका कापून काढलं. महिन्याचं काम, दोन तासांत ताटलीत गोळा झालं.

बुधवारी महादेवीला यांच्याजवळ बसवून मधल्या मारुतीपाशी नबीलालच्या दुकानात गेले. दोऱ्यांचं दुकान, म्हातारा माझ्याच वयाचा, लड्या अशा जपून काढतो की जणू दुखतील. आठ निळे त्यानंच निवडून दिले होते, मोठ्या हौसेनं. त्याला सांगितलं, पाण्यासाठी दोरे दे, पण निळा एकही नको. तो चष्म्यावरून बघत राहिला.

"बिनानिळ्याचं पाणी कुठं असतं, भाभी?"

"आमच्या हौदात," मी म्हटलं.

आणि म्हटल्यावर तिथंच, काउंटरला टेकून, तो हौद मला पुरता आठवला. ग्राफमध्ये तोच होता. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी मी त्यात शाळेची नदी भरून ठेवली होती. लग्न होऊन मी ज्या चाळीत आले तिच्या मधल्या चौकातला सिमेंटचा हौद. वरती बांबू आडवे बांधलेले, त्यांवर रंगवलेल्या सुताच्या लड्या वाळत घातलेल्या असायच्या, ओल्या, ठिबकणाऱ्या. आम्ही बायका विड्या वळायचो, त्यासाठी तेंदूची पानं भिजवायला त्यातलंच पाणी काढायचो. ग्राफमध्ये हौद होता, बांबू होता, बांबूवर तीन लड्या विटकरी आणि दोन हळदी होत्या, आणि धुण्याच्या दगडावर बाईचे दोन पाय होते, घोट्यापर्यंतच, वर साडीचा काठ. पाय कुणाचे ते मी कधी विचारलं नाही. काठ माझ्या लग्नातल्या साडीचा होता. सगळं भरलेलं, रंगवलेलं, फक्त पाण्याच्या चौकटी कोऱ्या. तेव्हा मी विचारलं होतं, पाणी का सोडलं? हे म्हणाले, नंतर. चौदा वर्षं झाली त्या नंतरला. आता नबीलालच्या दुकानात उभी राहून मी त्या हौदात वाकून बघत होते. सकाळी त्याचा तळ दिसायचा, सिमेंटचा राखाडी आणि कडेला शेवाळ. ऊन वर आलं की एका बाजूनं पांढरं फटक, बघवायचं नाही. आणि ज्या दिवशी ज्या रंगाच्या लड्या वर टांगल्या त्या दिवशी पाणी त्या रंगाचं, पण अखंड नाही, तुकड्या तुकड्यांनी, थेंब पडला की तुटायचं आणि पुन्हा जुळायचं. त्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. खालचं आणि वरचं मिळून ते होतं. मी राखाडी घेतला, शेवाळी घेतला, भिजल्या पानाचा तपकिरी घेतला, एक मोतिया, एक पांढरा, आणि लड्यांसाठी आणलेले विटकरी आणि हळदी घरी होतेच. नबीलालनं सगळे एकत्र काउंटरवर ठेवून बघितले आणि मान हलवली. हे तर मातीचे रंग झाले, म्हणाला. मी म्हटलं, पिशवीत घाल.

घरी येऊन सुई ओवली आणि अडकले. कुठल्या भोकात कुठला रंग घालायचा? राखाडी घातला तर नुसतं सिमेंट दिसायचं, विटकरी घातला तर वरची लडीच खाली पडल्यासारखी दिसायची. दोनदा घातलं, दोनदा उसवलं. बुधवारची संध्याकाळ त्यातच गेली. यांच्याकडं चौकटीची पाठ करून बसले होते, कारण अर्धं काम दाखवलेलं यांना कधी खपायचं नाही. पण कळत होतं की हे माझ्याकडं बघतायत. एकदा तर मी चिडून म्हटलंही, चौदा वर्षं तुम्हाला जमलं नाही ते मला चार दिवसांत जमवायचंय, जरा तोंड उघडा की. आणि बोलता बोलता कळलं, यांना का जमलं नाही ते. एका चौकटीत एकच रंग, हा यांच्या धंद्याचा नियम. जकार्ड दुसरं ऐकतच नाही. आणि पाण्याची चौकट एका रंगावर ठरत नव्हती. नंतर म्हणून हे टाळत नव्हते, अडकले होते, माझ्यासारखेच, आणि अडकलोय असं बायकोला सांगणार ते कसले. पण माझी सुई माग नव्हे. दोऱ्याच्या लडीत सहा तारा असतात, त्या सुट्या करता येतात. मी राखाडीची एक तार काढली, विटकरीची एक काढली, दोन्ही एकाच सुईत ओवल्या आणि टाका घातला. एका भोकात दोन रंग, आणि तारेला पीळ पडेल तसा कधी हा वर कधी तो वर, माझ्याही हातात नाही कुठला ते. मी एक हात लांब धरून बघितलं. सिमेंटवर लडी हलत होती. इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या धंद्यातलं यांना न सुचलेलं काहीतरी मला सुचावं, याचा जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

रंग सापडला तरी टाका चुकत होता. फुलीचा टाका जागच्या जागी बसतो, चार कोपऱ्यांत पाय रोवून. त्यानं दगड होतो, भिंत होते, धुण्याचा दगड मी फुलीनंच केला होता आणि तो छान जड झाला होता. पाण्याला ते चालेना. गुरुवारी अर्धी फुली घालून बघितली, नुसती तिरपी, तर पाणी एका बाजूला ओढ्यासारखं धावायला लागलं, आणि हौद धावत नाही. मग यांचंच एक बोलणं आठवलं. विणताना जो धागा खाली बांधला न जाता चार-सहा धाग्यांवरून सुटा जातो, त्याला हे तरंगता धागा म्हणायचे. बांधलेला धागा मळका दिसतो आणि तरंगता चमकतो, असं हे नव्या विणकरांना सांगायचे. एवढं एकच काय ते हे आपणहून सांगायचे. मी आडवे लांब टाके घ्यायला लागले, एक पाच भोकांचा, एक तीनाचा, एक थेट नवाचा, एकाखाली एक पण टोकाला टोक जुळू न देता, आणि दोरा ओढून घट्ट करायचा नाही, अंगठ्यानं थोडा सैल सोडायचा. माझा अंगठा पन्नास वर्षं विड्या वळून असा झालाय की किती सैल ते त्याला सांगावं लागत नाही. जिथं ऊन पडतं तिथं काहीच घातलं नाही, मॅटीची पांढरी भोकं तशीच मोकळी ठेवली. एक भोक रिकामं नसावं यासाठी महिनाभर मरत होते, आणि आता रिकामी भोकं मोजून सोडत होते. शुक्रवारी यांना ताप आला. दिवसभर एक शब्द नाही, डोळे मिटलेले, महादेवीनं कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मी शेजारी बसून टाके घालत राहिले. मनात येत होतं की आता हे बोललेच नाहीत तर? अंबादास म्हणतो तसं मंगळवारी मी माझ्या मनानंच ऐकलं असलं तर? भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीनं काही टाका वाकडा पडू दिला नाही. शनिवारी ताप उतरला, यांनी पेज घेतली आणि माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघत राहिले. संध्याकाळी शेवटचा टाका घालून मी दोरा कापला आणि चौकटीवर टॉवेल टाकला.

रविवारी अकराला अंबादास आला. खाली गाडी, गाडीत ड्रायव्हर, हातात फॉर्मचा कागद. पाया पडला, नायनाच्या गालावरून हात फिरवला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं ते मी बघितलं. कपड्यांची पिशवी भरली का विचारलं. मी म्हटलं, भरते, आधी दोन मिनिटं बस. तो खाटेवर बसला. मी स्टूल खुर्चीसमोर सरकवलं, चौकट उभी केली, टॉवेल काढला आणि बाजूला झाले. या वेळी मध्ये उभी राहिले नाही. यांची नजर आधी बांबूवर गेली, लड्यांवर आली, पायांवर थांबली, मग खाली उतरली. मी हात मागं बांधून उभी होते, कारखान्यात नमुना घेऊन येणारे विणकर उभे राहायचे तशी. यांचा डावा हात कपाळाकडं गेला. चष्मा नव्हता, पण वर सारल्यासारखं केलं. अंबादासनं घड्याळ बघितलं. खाली ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"नीळ्ळु," हे म्हणाले.

कादु नाही. नुसतं नीळ्ळु. मी श्वास सोडला. अंबादास मात्र चटकन उठला, माठाकडं गेला, ग्लास भरून घेऊन आला आणि वाकून यांच्या ओठाला लावायला लागला. मी त्याचं मनगट धरलं.

"पाणी मागत नाहीत ते," मी म्हटलं. "माझं पाणी पास झालं."

त्याला काही कळेना. त्यानं माझ्याकडं बघितलं, असं बघितलं की आता दोघांना न्यावं लागणार, आणि पुन्हा समजुतीच्या आवाजात काहीतरी बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात यांचा डावा हात उठला. कापत कापत पुढं आला, ग्लास बाजूला सारला, सांडू न देता, आणि एक बोट चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर टेकलं. तिथं शनिवारच्या घाईत मी पाच टाके एका मापाचे घातले होते, एकाखाली एक, जिन्यासारखे. मला वाटलं होतं कुणाला दिसणार नाहीत.

"कादु."

तोच आवाज, तोच शेवटचा उकार तोडलेला. मी अंबादासकडं बघितलं. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि चाळिशीला टेकलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर गाईचं चित्र घेऊन उभं राहिलेलं पोर होतं. तो त्या कोपऱ्याकडं बघत होता, मग नायनाच्या बोटाकडं, मग पुन्हा कोपऱ्याकडं. हळूच म्हणाला, "खरंच की. तिथं चुकलंय."

मी कात्री घेतली. पाच टाके उसवायला काय वेळ लागतो. मागनं अंबादास विचारत होता, हे सगळं कधीपासून, मला का नाही सांगितलंस, आणि मी म्हटलं, सांगितलं होतं, तो कागद दे इकडं, आणि पेन पण. त्यानं कागद माझ्यापुढं ठेवला नाही. घडी करून स्वतःच्या खिशात घातला आणि खिडकीतनं वाकून ड्रायव्हरला जा म्हणून हात केला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या हातात ग्लास अजून तसाच भरलेला आहे. कुठं ठेवावा त्याला कळेना. भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि ते पाणी त्यानंच पिऊन टाकलं.